पट्टीवरचा आळ

कारखान्यात आप्पांच्या बोटांना मान होता. माणसाला मान असतो, खुर्चीला असतो, पण इथे नुसत्या बोटांना होता. एखादा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसेना, किंवा बसून कुरकुरायला लागला, की साहेब लोक मापाची यंत्रं बाजूला ठेवून म्हणायचे, "आप्पांना बोलवा." आप्पा यायचे, हात पुसायचे, डोळे मिटून लोखंडावरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, "इथे चढ आहे." मग तिथे घासलं जायचं आणि शाफ्ट मुकाट्याने बसायचा. यात मीठमसाला थोडाफार असणारच, कारण ही गोष्ट सांगणारे बहुतेक वेळा आप्पाच असत. पण फिटर म्हणून ते पक्के होते, यात वाद नाही.

तीच बोटं आता बधिर झाली होती, आणि हे घरात फक्त आप्पांना माहीत होतं. साखरेचा आजार जुना. गोळ्या वेळेवर चालू होत्या, कारण मुलाचं औषधांचंच दुकान होतं. हा मुलगा गिऱ्हाइकांना दहादा विचारायचा, पायाला मुंग्या येतात का, हाताला जड वाटतं का. घरी मात्र बाप त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा आणि त्याला काही दिसायचं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

म्हणजे दिसायचं त्याला, पण भलतंच दिसायचं. आप्पांच्या सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागायची. हातातून कप सुटायचा. एकदा ते आपल्याच दारात किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभे होते, ते शेजारणीने पाहिलं आणि काळजीच्या सुरात सगळीकडे सांगितलं. आणि एकदा गॅसचं बटण अर्धंच फिरलं. ते बंद होताना बोटाला जो टक्कन अडथळा लागतो, तो आप्पांना लागलाच नव्हता. घरभर वास पसरला. त्या दिवसापासून मुलाने मनाशी ठरवून टाकलं, आप्पांचं डोकं कामातून गेलं. ते विसरायला लागलेत. त्याने आप्पांची हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि सुरीपासून इस्त्रीपर्यंत सगळं त्यांच्या हातापासून लांब केलं.

आप्पांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. म्हातारपणी माणूस विसरतो, त्यात लाज कसली? अख्खं जग विसरतं. पण आप्पांची बोटं गेली, हे कसं सांगायचं? मग उरलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. विसरभोळा म्हणवून घेणं त्यांना त्यापेक्षा सोपं वाटलं. फक्त पेटीची आठवण यायची. माळ्याकडे बघत ते जेवायचे, म्हणून सूनबाईने त्यांची खुर्ची फिरवून दुसऱ्या बाजूला मांडली.

सूनबाई घरी बसून सुतारांना आणि फर्निचरच्या दुकानांना कपाटांची, ओट्यांची चित्रं काढून द्यायची. कॉम्प्युटरवर कपाट उभं करायचं, दारं उघडून दाखवायची, सगळीकडून फिरवून दाखवायचं. काम चांगलं होतं, पण कॉम्प्युटर म्हणजे बसकण मारलेला बैल झाला होता. कपाट फिरवायला सांगितलं की पडद्यावरचं चक्र फिरायचं, कपाट नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला होता, "ताई, यात आता जीव नाही. नवा घ्या."

सूनबाई हट्टी. तिने नवा घेतला नाही, वाचायला घेतलं. आठवडाभर ती फोनवर व्हिडिओ बघत भाजी चिरत होती. मग एका शनिवारी ती ज्या फर्निचरच्या दुकानासाठी काम करायची, तिथून एक मेलेला कॉम्प्युटर उचलून घेऊन आली. दुकानात विजेचा झटका बसून त्याचा पॉवर सप्लाय जळला होता आणि तो भंगारात निघाला होता.

"हृदय बंद पडलंय, पण बाकीचे अवयव चांगले असतील," ती म्हणाली. "आपल्याला चालतील असे आहेत. मी नंबर जुळवून आणलाय."

मग आप्पांकडे वळून म्हणाली, "आप्पा, उद्या दुपारी मोकळे आहात ना? स्क्रू तुम्ही काढायचे. माझ्याच्याने स्क्रूचं डोकंच खराब होतं."

मुलाने भुवई उंचावली. "अगं, आप्पांना कशाला? ते कुठला स्क्रू कुठे ठेवला ते विसरतील."

"मी असणार आहे ना समोर," सूनबाई म्हणाली आणि विषय मिटवला.

आप्पांना आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग भीतीही वाटली. पेटी परत मिळायची झाली तर ती उद्याच, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि बोटांचं बिंग फुटायचं झालं तर तेही उद्याच.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली. दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले. सूनबाईने वायर काढली आणि तरीही चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं.

"आत उरलीसुरली वीज असते, ती जाते," ती म्हणाली. "आणि आता या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली पण जाते."

"माझ्या अंगातली केव्हाच गेली," आप्पा म्हणाले आणि त्यांनी पत्र्याला हात लावला.

स्क्रू काढणं डोळ्यांचं आणि मनगटाचं काम होतं, ते त्यांना जमलं. पेचकस तळहातात दाबून धरला की बोटांची फारशी गरज पडत नाही. झाकण निघालं आणि आत धुळीची गोधडी दिसली. सूनबाईने रंगाच्या ब्रशने ती उचलली. पंखा साफ करताना आप्पांनी पातं अंगठ्याने अडवून धरलं, कारण फुंकर मारून पंखा गरगर फिरवणं बेअरिंगला बरं नव्हे. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"आता मला सांग," आप्पा म्हणाले, "यात काम कोण करतं?"

"हा करतो. पंख्याखाली आहे तो, प्रोसेसर."

"म्हणजे कारागीर. बरं. आणि माल?"

"माल या डिस्कमध्ये. चित्रं, फोटो, सगळं इथे. बंद केलं तरी राहतं."

"गोदाम. मग ही उभी पट्टी कसली?"

"ही रॅम, म्हणजे मेमरी. चालू कामाचं सामान प्रोसेसर इथे काढून ठेवतो. बंद केलं की सगळं पुसलं जातं."

आप्पांनी मान डोलावली. "म्हणजे कामाचं टेबल. मग तुझा आजार समजला मला. तुझा कारागीर धडधाकट आहे, पण टेबल पाटाएवढं. दोन पानं मांडली की टेबल भरलं. मग तो सारखा उठून गोदामात पळतो. आणि गोदामही जुन्या पद्धतीचं, तबकडी फिरेल तेव्हा माल मिळणार. कारागिराचा दिवस पळण्यातच जातो, आणि शिव्या मात्र त्याला."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. आठवडाभर व्हिडिओ बघून तिला जे कळलं होतं, ते म्हाताऱ्याने चार वाक्यांत बसवलं. हे डोकं गेलेल्या माणसाचं बोलणं आहे का, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते मनातच ठेवलं.

मग काम ठरलं. मेलेल्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी होती, म्हणजे न फिरणारी, झटपट माल देणारी डिस्क. ती काढून इथे लावायची आणि जुनी डिस्क नुसती साठवणीला ठेवायची. मेमरीची जुनी पट्टी काढायची आणि त्या मेलेल्या डब्यातल्या दोन मोठ्या पट्ट्या दोन खाचांत बसवायच्या. चार आणि चार, आठ जीबी. डिस्क सूनबाईने लावली. पट्ट्यांची सोनेरी कड तिने खोडरबराने हळूच पुसली आणि त्या आप्पांपुढे ठेवल्या.

"याला एका बाजूला खाच आहे बघा, मधोमध नाहीये. त्यामुळे उलटी बसतच नाही. दोन्ही टोकांच्या क्लिपा टक्क झाल्या की बसली."

पहिली पट्टी बसली. दोन्ही क्लिपा टकटक करून उभ्या राहिल्या, सूनबाईने डोळ्यांनी पाहिल्या. दुसरी हातात घेतली आणि दाराची घंटा वाजली. कुरिअरवाला होता. सूनबाई उठून गेली.

दुसऱ्या खाचेचं वरचं टोक उघड्यावर होतं, पण खालचं टोक डिस्कच्या पिंजऱ्याआड गेलेलं. तिथे नजर पोचत नव्हती, बोटच पोचत होतं. आप्पांनी पट्टी खाचेत धरली आणि दाबली. वरची क्लिप टक्क झाली. खालचं टोक त्यांनी चाचपलं. पूर्वी असं चाचपलं असतं तर बोटाने सांगितलं असतं, बसलं, नाही बसलं, केसभर राहिलं. आता बोट गप्प होतं. थोडं अजून दाबावं का? पण जन्मभर आप्पांनी हाताखालच्यांना एकच गोष्ट बजावली होती, जोर लावावा लागला की समज, काहीतरी चुकतंय. आणि या हिरव्या पापुद्र्यावर जोर लावला आणि तो मोडला, तर पेटीही गेली आणि सूनबाईचं कामही गेलं.

"झालं का आप्पा?" दारातून सूनबाईने विचारलं.

"बसली," आप्पा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिने सिस्टिम नव्याने टाकली. मुलगा दुकान बंद करून आला तेव्हा पडद्यावर एक तीन दारांचं कपाट भिंगरीसारखं गरगर फिरत होतं. सूनबाई खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होती.

"अरे वा!" मुलगा म्हणाला. "दुरुस्तीवाल्याला दाखवून ये एकदा."

"फक्त एक गडबड आहे," ती म्हणाली. "मेमरी चारच दाखवतंय. आठ दाखवायला हवी. दुसरी पट्टी त्याला दिसतच नाही."

"मेली असेल. झटका बसलेल्या कॉम्प्युटरमधली ना ती? एक चालली हेच नशीब समज. भंगारातल्या मालाकडून अजून किती अपेक्षा करणार?"

"तेही खरंच," सूनबाई म्हणाली. "चारवर पण छान चालतंय. मोठं किचन उघडलं की जरा अडकतं, पण चालेल. उद्या काढून टाकते ती."

आप्पा कपबशीत बघत होते. कुणी त्यांना काही विचारलं नाही. उलट मुलाने स्टूल ओढलं, माळ्यावर चढला आणि हत्यारांची पेटी खाली काढून, फडक्याने पुसून, आप्पांच्या पलंगाखाली नेऊन ठेवली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमची तुमच्याजवळ राहू दे."

जे हवं होतं ते मिळालं, आणि आप्पांना जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे. कारखान्यात असताना त्यांना एका गोष्टीची मनापासून चीड होती. फिटर आपली चूक झाकायला चांगला पार्ट भंगारात फेकायचा आणि वर म्हणायचा, माल खराब आला. अशा एकाला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि आज त्यांनी स्वतः तेच केलं होतं. अर्थात पट्टी खरंच मेलेली असू शकत होती. दहादा त्यांनी स्वतःला हे समजावलं. पण बसली की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना ते "बसली" म्हणाले होते, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

सकाळी मुलगा दुकानात निघायच्या तयारीत चहा पीत होता. सूनबाईने वायर काढून, झाकण उघडून दुसरी पट्टी बाहेर काढली.

"किती अलगद आली हो," ती म्हणाली, आणि जळका पॉवर सप्लाय ज्या खोक्यात टाकला होता, त्यातच तिने ती पट्टी टाकली.

आप्पा उठले. खोक्यापाशी गेले. पट्टी उचलायला वाकले तर ती चिमटीत येईना, दोनदा निसटली. शेवटी त्यांनी ती तळहाताने ओढून दुसऱ्या तळहातावर घेतली.

"ही मेलेली नाही," ते म्हणाले.

"कशावरून?" मुलाने विचारलं.

"मी नीट बसवली नव्हती. खालचं टोक बसलं की नाही, मला कळलंच नाही. तरी मी बसली म्हणून सांगितलं."

"अहो आप्पा, विसरला असाल दाबायला. होतं असं. त्यात काय एवढं?" मुलगा समजुतीच्या, दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायच्या आवाजात म्हणाला. तो आवाज ऐकला आणि आप्पांचं डोकंच फिरलं.

"विसरलो नाही!" ते ओरडले. "मी काही विसरत नाही! कालचंच काय, तू पहिलीत असताना कुठल्या बाकावर बसायचास ते सांगतो. मला विसरायला होत नाही, मला कळत नाही. बोटांना कळत नाही! कप हातात आहे की सुटला, कळत नाही. बटण घरात गेलं की नाही, कळत नाही. त्या दिवशी किल्ली फिरत होती का नुसती टेकली होती, तेच कळेना, म्हणून उभा होतो दारात. आणि गॅस मी बंद केला होता. म्हणजे मला वाटलं, केला."

मुलाने कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"दोन वर्षं! आणि मी..." मुलगा उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "आप्पा, मी डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय या महिन्यात. रोज दुकानातून येताना मला वाटतं, आज हे मला ओळखतील ना? दार उघडून तुम्ही नावाने हाक मारेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. आणि तुम्ही दोन वर्षं मला खुशाल तसं वाटू दिलंत?"

हे आप्पांच्या हिशेबात नव्हतं. विसरण्याची लाज नसते, एवढंच त्यांनी मोजलं होतं. विसरलं जाण्याची भीती कुणाला तरी असते, हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं. ते खाली बसले.

"मला वाटलं, बोटं गेली म्हटल्यावर तुम्ही मला..." ते म्हणाले आणि थांबले. "चुकलंच."

सूनबाईने दोघांकडे पाहिलं. मग आप्पांच्या तळहातावरची पट्टी उचलली आणि कॉम्प्युटरजवळ गेली.

"सांगा आप्पा, मी दाबते."

"अगं, आता कुठे..."

"सांगा म्हणते ना."

आप्पांनी डोळे पुसले. "खाच जुळव. जुळली? आता दोन्ही अंगठे दोन टोकांना. सरळ खाली. तिरकं नको."

"वरची झाली टक्क. खालची नाही. जोर लावू का?"

आप्पांनी जन्मभर सांगितलं होतं त्याच्या उलट सांगायचं होतं. "लाव," ते म्हणाले. "अजून. घाबरू नकोस, अजून लाव."

टक्क झालं. स्वच्छ आवाज आला. सूनबाईने वायर लावली, बटण दाबलं, आणि तिघंही पडद्याकडे बघत राहिली. तिने आकडा उघडला. आठ.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

मुलाने पडद्याकडे बघितलंही नव्हतं. तो खुर्ची ओढून आप्पांच्या समोर बसला, त्यांचा उजवा हात त्याने आपल्या डाव्या हातावर घेतला आणि खिशातलं पेन काढलं. "डोळे मिटा," तो म्हणाला. "आणि खरं सांगा."

आप्पांनी डोळे मिटले. पेनचं टोक केव्हा टेकतंय ते त्यांना मुलाच्या आवाजावरून ओळखावं लागत होतं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

एकेक बोट झालं. अंगठाही झाला. दर वेळी "नाही" म्हणताना आप्पांना वाटत होतं, एखादं "हो" ठोकून द्यावं, पोराला बरं वाटेल. पण त्यांनी ते केलं नाही. मुलाचा आवाज खाली खाली जात होता. मग त्याने पेन ठेवून दिलं आणि नुसताच आपला हात त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आणि हे? हे तरी कळतंय का?"

"कळतंय," आप्पा म्हणाले. "तुझा हात थरथरतोय."